सर्किटला तीट

रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे लोकांनी दुरुस्तीला टाकलेल्या आणि परत कधीच न नेलेल्या वस्तू, आणि दुसरे किस्से. वस्तू निदान भंगारात देता येतात. किस्से कोण घेणार? ते असे कुणाला तरी गाठून सांगावे लागतात. बसा, चहा सांगितलाय.

लालबागला मार्केटच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. टीव्ही, मिक्सर, पंखा, अ‍ॅम्प्लिफायर, जे येईल ते घेतो. आमच्या धंद्यात सगळ्यात मोठी दौलत म्हणजे सर्किट. कुठला पार्ट कुठल्या पार्टला जोडलाय, त्याचा कागदावर काढलेला नकाशा. तो हाताशी असला तर माणूस तासाभरात इंजिनिअर होतो आणि नसला तर दिवसभर नुसता डबा उघडून आत बघत बसतो. म्हणून वरळीपासून गिरगावापर्यंतच्या आम्ही रिपेअरवाल्यांनी मोबाइलवर एक ग्रुप काढला. ज्याच्याकडे जे सर्किट असेल ते त्याने टाकायचं, ज्याचं अडलं असेल त्याने विचारायचं. ग्रुपचं नाव ठेवलं 'सर्किट मंडळ'.

माझी बायको म्हणाली, "नाव अगदी शोभतंय!"

*

ग्रुपचे अ‍ॅडमिन सावंत काका. राहायला दादरला, गाव मालवणकडचं, टेलिफोन खात्यातून रिटायर. सगळी नोकरी फायली लावण्यात गेली. रिटायर झाल्यावर लावायला फायली उरल्या नाहीत, म्हणून त्यांनी आमची सर्किटं लावायला घेतली.

माझी आपली साधी पद्धत होती. सर्किटावर गिऱ्हाइकाचं नाव टाकायचं. 'परब काकू टीव्ही'. 'दुसऱ्या माळ्यावरचा भांडकुदळ, मिक्सर'. 'जोशी, पैसे आधी घेणे'. मला बरोबर सापडायचं.

सावंत काकांनी कपाळाला हात लावला. "कंपनी, मॉडेल, वर्ष! असा लिहायचा! उद्या परब काकूंनी टीव्ही विकलान तर?"

"काका, परब काकू टीव्ही विकणार नाहीत."

"कशावरून?"

"सीरियल संपली नाहीये अजून."

शेवटी त्यांनी फर्मान काढलं. एका रविवारी सगळ्यांनी आपापली कागदी सर्किटं घेऊन माझ्या दुकानात जमायचं. लोक पिशव्या भरभरून आले. काही झेरॉक्स, काही हाताने काढलेली, काही पिवळी पडलेली, काहींवर हळदीचे डाग. सावंत काका चष्मा कपाळावर चढवून मधोमध बसले आणि सकाळपासून एकेक कागद कंपनीप्रमाणे, मग मॉडेलप्रमाणे, मग वर्षाप्रमाणे लावत गेले. काउंटरवर गठ्ठे, खुर्चीवर गठ्ठे, जमिनीवर गठ्ठे. मधून चालायलासुद्धा बंदी! दुपारी त्यांनी शेवटचा कागद ठेवला, चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाले, "आता बघा. डोळे मिटून हात घाला, हवा तो कागद गावतलो."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याचा उभा पंखा माझ्याकडे दुरुस्तीला होता, झाला होता, कोपऱ्यात ठेवला होता.

"झाला का?"

"झाला. घेऊन जा."

"चालू करून दाखवा ना."

आता गिऱ्हाईक म्हणतं चालू करा, आपण बटण दाबतो. हाताला सवयच असते ती! पंखा एकदम तीन नंबरवर होता.

सगळे गठ्ठे एकदम उडाले. काही बाहेर गल्लीत गेले, काही वर माळ्यावर. सावंत काकांच्या डोक्यावर एका जुन्या कंपनीचा अख्खा कलर टीव्ही येऊन बसला होता.

गिऱ्हाईक म्हणालं, "वा! हवा मस्त आहे!"

काका माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मेल्या, ह्या काय केलंस?" त्यानंतर दोन रविवार ते ग्रुपवर ऑनलाइन दिसले नाहीत.

*

आता कांबळेची ओळख करून देतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. कांबळे परळचा, एका मोठ्या हॉस्पिटलात मशिनं सांभाळायच्या नोकरीत, आणि शाळेपासूनचा माझा दोस्त. त्याचे वडील, म्हणजे आबा, गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होते. गिरणी बंद झाली तसे आबा चाळीतल्या आपल्या खोलीत सोल्डर गन घेऊन बसले. त्यांनी स्वतःच्या हाताने एक अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता. हिरव्या रंगाचा लोखंडी डबा, उचलायला दोन माणसं. चौदा एप्रिलला त्यांच्या चाळीत तोच वाजायचा आणि गणपतीत शेजारच्या चाळीत उसना जायचा. आवाज असा की भाषण परळला आणि टाळ्या लालबागला!

मी धंद्यात नवा असताना आबांकडे एक छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचं सर्किट मागितलं. त्यांनी लगेच बसून निळ्या पेनाने काढून दिलं. अक्षर मोत्यासारखं, रेघा पट्टीने ओढलेल्या. मी पार्ट आणले, जोडले, बटण दाबलं. काही नाही! सगळं पुन्हा तपासलं. ठार मुका! शेवटी गेलो परळला.

आबा दारातच म्हणाले, "काय रे, नाही ना वाजला?"

"नाही आबा."

"बस. चहा पी."

चहा झाला, घरच्यांची चौकशी झाली, माझ्या वडिलांच्या गुडघ्याची चौकशी झाली. मग त्यांनी माझा कागद हातात घेतला आणि त्यावर बोट ठेवलं. "इथे. हा रेझिस्टर दहा हजारचा नाही, एक लाखाचा."

"म्हणजे कागदावरच चूक होती?"

"चूक कसली? तीट आहे ती. एवढं देखणं सर्किट, नजर नाही लागणार? लहान पोराला लावतो तशी सर्किटलाही एक लावायची असते."

आबांनी जन्मात कुणाला बिनतिटीचं सर्किट दिलं नाही. गिरगाव, दादर, वरळी, सगळीकडची पोरं त्यांच्याकडून सर्किट घेऊन जायची आणि आठवड्याभरात पडलेल्या चेहऱ्याने परत यायची. खोली कायम भरलेली आणि स्टोव्हवर चहाचं आधण कायम चढलेलं.

एकदाच घोळ झाला. सावंत काकांनी आबांची तीट स्वतःच शोधून काढली. पार्ट बदलला, अ‍ॅम्प्लिफायर वाजला, आणि काका मोठ्या अभिमानाने आबांना हे सांगायला परळला गेले. त्यांना वाटलं, पाठ थोपटतील.

आबांचा चेहरा एकदम उतरला. म्हणाले, "म्हणजे आज सांगायचं नसतं, तर तू येणारच नव्हतास?"

पुढच्या वेळी काकांना जे सर्किट मिळालं त्यात दोन होत्या!

आबा जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांनी चुका ठेवल्या नसत्या तरी आम्ही गेलोच असतो, असं आम्ही सगळे म्हणतो. पण आबांनी कधी ते आजमावून बघितलं नाही.

*

तर गेल्या वर्षी कांबळेची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. नवी बिल्डिंग होईपर्यंत यांना गोराईच्या ट्रान्झिट कॅम्पात एक खोली मिळाली. परळची खोली लहान, तर ही त्याहून लहान. घरात काय न्यायचं आणि काय टाकायचं याच्यावर सुनीता वहिनी, म्हणजे कांबळेची बायको, रोज कोर्ट भरवायच्या. त्यांनी स्वतःच्या माहेरचं कपाट काढून टाकलं होतं, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणाला तोंड उघडायची सोय नव्हती.

आबांच्या हिरव्या डब्याचा नंबर आला. तो कधीपासून बंद. आत उंदरांनी वायरी खाल्लेल्या, एक भाग जळून काळा झालेला, कुठल्या पार्टवरचा रंग किंवा नंबर वाचायची सोय नाही.

वहिनींनी निकाल दिला. "वाजला तर येईल. नाही वाजला तर भंगारात. टेम्पो रविवारी आहे."

कांबळे माझ्या दुकानात येऊन बसला. चहा थंड होऊ दिला. म्हणाला, "ती चुकीचं काय बोलत नाय रे. पण बाबांचा डबा मी भंगारवाल्याच्या तराजूत बघू शकत नाय."

"सर्किट आहे ना त्याचं?"

"आहे ना. बाबांनीच काढून दिलंय मला."

मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे.

"तुलासुद्धा?"

"मलासुद्धा."

बापाने पोटच्या पोरालाही तीट लावूनच दिली होती! आणि ती कुठे आहे हे विचारायला परळच्या खोलीत आता आबा नव्हते.

*

कांबळेने ग्रुपवर सर्किटाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'बाबांचा अ‍ॅम्प. यातली एक व्हॅल्यू चुकीची आहे. रविवारच्या आत पाहिजे. कुणाला दिसतेय का?'

पहिलं उत्तर आलं गुलाबाच्या फुलाचं. गुड मॉर्निंग! दुसरं, 'किती वॅट?' तिसरं, 'नवीन घे, स्वस्त मिळतात.' चौथ्याने विचारलं, 'विकायचाय का?' आणि पाचवं उत्तर आमच्या तांडेलचं. 'कपॅसिटर बदल.'

तांडेल वरळी कोळीवाड्याचा. बोटींवरची मशिनं दुरुस्त करतो, हात सोन्याचा आहे, पण ग्रुपवर कुणी काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं. टीव्हीला चित्र नाही? कपॅसिटर बदल. इन्व्हर्टर शिट्टी मारतो? कपॅसिटर बदल. मागे एकदा सावंत काकांनी लिहिलं होतं की गुडघा फार दुखतोय, डॉक्टर ऑपरेशन सांगतात, कुणाला चांगला सर्जन माहीत आहे का?

तांडेलने लिहिलं, 'कपॅसिटर बदल.'

काकांनी त्याला ग्रुपमधून काढलं. दुसऱ्या दिवशी काकांच्या घरचा फ्रिज बंद पडला, तेव्हा गुपचूप परत घेतलं.

*

तांडेलचं नाव निघालंच आहे तर हे सांगूनच पुढे जातो. बोटीवर मासे शोधायचं मशीन असतं. पाण्यात आवाज सोडतं, तो मासळीवर आपटून परत आला की पडद्यावर ठिपका दिसतो. कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या बोटवाल्याचं असं मशीन, म्हणजे आमच्या तांडेलच्या चुलत्याचंच, बंद पडलं. सर्किट कुठेच मिळेना. शेवटी सावंत काकांनी कुठल्या तरी परदेशी ग्रुपवरून ते मिळवलं, सगळं चिनी अक्षरात. आमच्या तांडेलने चिन्हं बघूनच मशीन चालू केलं.

पण चुलता अडून बसला. "मासा दाव. मंग मानतो."

बोट तर दुरुस्तीला वर ओढलेली. तांडेलने गल्लीत पाण्याचा ड्रम ठेवला आणि मशीनचा पाण्यातला भाग आत सोडला. पडदा रिकामा! गल्लीत ही गर्दी. चुलता म्हणाला, "बग, नाय दिसत."

"अरे काका, ड्रमात मासा कुठून येणार?"

तांडेलची आई बाजूलाच पाटी घेऊन मासळी विकत होती. तिने हे ऐकलं आणि काही न बोलता पाटीतलं एक पापलेट उचलून ड्रमात टाकलं. मशीनने पीप केलं, पडद्यावर ठसठशीत ठिपका!

चुलता खूश. "मेलेला पन दावतो! बेस मशीन!"

आईने पापलेट ड्रमातून काढलं, पुन्हा पाटीत ठेवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकिणीला हाक मारली, "ये गो बाय, मशीनीन पास केलेला पापलेट हाय!"

दहा रुपये जास्त घेतले. आणि बाईने दिले!

*

ग्रुपवर जमत नाही म्हटल्यावर सावंत काका म्हणाले, आता जागतिक पातळीवर जाऊ. इंटरनेटवर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवाल्यांचा एक परदेशी फोरम होता. तिथे काकांनी स्वतः इंग्रजीत अर्ज केला. 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट...' पासून सुरुवात, शेवटी 'युअर्स फेथफुली' आणि हुद्द्यासकट पूर्ण सही.

तिथल्या मॉडरेटरचं टोपणनाव ओल्ड सोल्डर. माणूस कुठल्या देशाचा ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण स्वभाव शाळामास्तरांचा, म्हणून आम्ही त्याला मास्तरच म्हणायचो. मास्तरांनी एका ओळीत उत्तर दिलं. 'चुकीच्या विभागात टाकलंय. योग्य जागी हलवलं आहे. पुढच्या वेळी आधी नियम वाचा.'

सावंत काका लालबुंद! "हा मका शिकवतलो? चुकीच्या फायलीत कागद लावला म्हणून मी लोकांचे मेमो काढलेत!"

दुसऱ्या दिवशी राग उतरला, मग म्हणाले, "पण माणूस शिस्तीचा आहे हां."

मास्तरांनी सर्किटाचा स्वच्छ स्कॅन मागितला. आम्ही झेरॉक्सवाल्याकडून काढून पाठवला. फोरमवरचे लोक तुटून पडले. मास्तरांनी विचारलं, 'ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला जो मोठा गोल पार्ट आहे, तो काय आहे? व्हॅल्यू लिहिलेली नाही.'

आम्ही बघतोय, गोल पार्ट कुठला? तोपर्यंत तिकडे दोन पक्ष पडले होते. एक म्हणे ती कॉइल आहे, एक म्हणे फिल्टर. एकाने तर तो गोल पार्ट धरून सगळा हिशेब मांडला आणि लिहिलं की ज्याने हे काढलंय तो जीनियस आहे, अशी रचना मी आयुष्यात पाहिली नाही.

कांबळेने कागद डोळ्यांजवळ नेला आणि हसत सुटला. कपाचा डाग! आबांनी कागदावर चहा ठेवला होता.

सावंत काका की-बोर्डवर बोटं ठेवून गंभीरपणे म्हणाले, "ते व्हॅल्यू विचारतायत. काय लिहू?"

कांबळे म्हणाला, "लिहा, कटिंग."

काकांनी खरंच लिहिलं! टी, हाफ कप.

मास्तरांचं उत्तर आलं, 'कृपया प्रमाणित एककं वापरा.'

*

मग काकांनी मास्तरांना तिटीबद्दल समजावायचा प्रयत्न केला. बाळ, काजळ, दृष्ट, सगळं इंग्रजीत! मास्तरांनी लिहिलं, 'जाणूनबुजून चुकीचं सर्किट कुणी का काढेल, हे मला समजलेलं नाही. पण मला यात सात चुका दिसतात.'

सात! टेम्पो दोन दिवसांवर, आणि सात जागी पार्ट बदलून बघायचे म्हणजे उरलेलंही जळायचं. एक चुकीचा पडला तर आबांचे मूळचे पार्ट कायमचे जाणार.

तेव्हा सावंत काकांना जे सुचलं त्याबद्दल मी त्यांचे पंख्याच्या वेळचे सगळे शब्द माफ केले. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'ज्यांच्या ज्यांच्याकडे आबा कांबळे यांनी काढलेलं सर्किट आहे, त्यांनी फोटो पाठवावा. तीट कुठे निघाली त्यावर लाल खूण करावी. गुड मॉर्निंग पाठवणाऱ्यास काढून टाकले जाईल.'

फोटो येत गेले. गिरगावातून, दादरहून, वरळीहून, कुठला तरी एक पुण्याला गेलेला त्याचाही. कुणी फ्रेम करून दुकानात लावलं होतं, कुणी लग्नाच्या अल्बममध्ये ठेवलं होतं. प्रत्येकाने खूण केली आणि खाली न विचारता लिहिलं की त्या दिवशी आबांनी चहा पाजला होता, एकाला तर जेवायलाच बसवलं होतं. त्या दिवशी ग्रुपवर एकही गुलाबाचं फूल आलं नाही. कांबळे ते वाचत माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून होता. मध्येच डोळे पुसायला बाहेर जायचा आणि आत येऊन म्हणायचा की गल्लीत धूळ फार आहे.

काकांनी सगळे फोटो ओळीने लावले. कंपनी, मॉडेल, वर्ष काही नाही, नुसते आबा. आणि आम्हाला दिसलं. प्रत्येक कागदावर लाल खूण एकाच जागी! खाली डाव्या कोपऱ्यात. बाळाच्या गालावर तीट कशी एका बाजूला लावतात, मधोमध नाही लावत, तशी.

कांबळेच्या कागदावर खाली डाव्या कोपऱ्यात एकच पार्ट होता.

तांडेल वरळीहून ओरडला, म्हणजे फोनवर, पण लालबागपर्यंत ऐकू आला असता. "कपॅसिटर! मी पयल्या दिवसापासून काय सांगतोय?"

*

रविवारी सकाळी आम्ही परळच्या खोलीत. खोली जवळजवळ रिकामी, भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. खाली टेम्पो लागलेला, टेम्पोच्या मागे भंगारवाला हातगाडी घेऊन उभा. त्याला वहिनींनीच वेळ दिली होती. "लवकर करा ओ," तो खालून ओरडायचा, "मला भायखळ्याला जायचंय."

वायरी आणि जळलेले पार्ट कागदाप्रमाणे रात्रीच बदलून झाले होते; आता कांबळेने आबांच्या हिशेबाने, कागदावरच्यापेक्षा दहापट मोठा, नवा कपॅसिटर बसवला. मी टॉर्च धरला. तो म्हणाला, "चालू तू कर. माझ्याच्याने नाय होणार."

मी बटण दाबलं. लाल दिवा लागला. मग काहीच नाही. मग आतून एक बारीक घरघर आली. म्हाताऱ्या माणसाने बोलण्याआधी घसा साफ करावा तशी.

कुणी माइक लावला आठवत नाही. कांबळेने तो तोंडाजवळ नेऊन दोनदा नुसती फुंकर मारली. सुनीता वहिनी कंबरेला पदर खोचून दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन त्याच्या हातातून माइक घेतला आणि सगळ्या चाळीला, टेम्पोला आणि समोरच्या फुटपाथलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"भंगारवाले भाऊ, तुम्ही जा!"

*

डबा गोराईला गेला. टेम्पोत चढताना कांबळे मला म्हणाला होता, "घर मिळेल रे परत कधीतरी. पण तिकडे येणार कोण? परळला लोक येता-जाता डोकवायचे. गोराईला कोण येता-जाता?"

मी म्हटलं, "आम्ही येऊ ना." माणूस म्हणतो तसं. मग सीझन आला, गणपतीचे अ‍ॅम्प्लिफायर दुकानात रांगेला लागले, आणि मी गेलो नाही. फोनवर बोलायचो. तो म्हणायचा, डबा मस्त वाजतो, पण आवाज लहान ठेवावा लागतो.

तिकडे मास्तर काकांच्या मागे लागले होते. फोरमचा नियम होता, प्रश्न सुटला तर अंतिम सर्किट टाकलंच पाहिजे. कांबळेने बसून नवं सर्किट काढलं. निळं पेन, रेघा पट्टीने, अक्षर थेट आबांसारखं. ग्रुपवर टाकलं, फोरमवर टाकलं. सावंत काकांनी फाइलला नाव देताना खूप विचार केला आणि कंपनीच्या जागी 'आबा' असं लिहिलं.

सगळ्यांनी ठरवलं, आबांची आठवण म्हणून प्रत्येकाने हा अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा. सावंत काकांनी सगळ्यात आधी बांधला. वाजला नाही. ते रविवारी गोराईला गेले, संध्याकाळी परत आले, आणि काय झालं विचारलं तर म्हणाले, "सुनीता भजी बरी करता." मग तांडेलने बांधला. कपॅसिटर बदलून बघितला, तरी वाजला नाही. तोही बोंबील घेऊन गोराईला जाऊन आला. मग मी बांधला.

नाही वाजला. खालचा डावा कोपरा आधी तपासला. तिथे सगळं बरोबर होतं.

कांबळेला फोन केला. म्हटलं, "अरे, वाजत नाहीये."

"असं?" तो म्हणाला. "मग ये की रविवारी. वहिनीला घेऊन ये."

परवा सावंत काकांनी मला फोरम उघडून दाखवला. मास्तरांचा नवा मेसेज होता. 'तुमच्या अंतिम सर्किटाप्रमाणे मी स्वतः अ‍ॅम्प्लिफायर बांधला. पार्ट प्रमाणित वापरले. जोडणी पुन्हा पुन्हा तपासली. वाजत नाही. कृपया खुलासा करावा.'

त्याच्याखाली कांबळेने उत्तर दिलं होतं. 'सर, प्लीज कम ऑन सनडे. टी इज देअर.'

आणि खाली गोराईच्या ट्रान्झिट कॅम्पचं लोकेशन टाकलं होतं.